विश्लेषण : सिकलसेलचे एक अक्षर… उगम हजारो वर्षांपूर्वीचा, उपाय उद्याचा, पण गडचिरोलीपर्यंत तो पोहोचणार कसा?

नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्र सरकारने सिकलसेलवरील पहिल्या स्वदेशी 'क्रिस्पर' उपचाराची घोषणा केली. त्याचे नाव 'बिरसा १०१'. भगवान बिरसा मुंडा यांच्या जन्माला त्याच महिन्यात १५० वर्षे पूर्ण झाली होती आणि हा आजार देशात मुख्यत्वे आदिवासी समाजांत आढळतो, म्हणून हे नाव. दिल्लीच्या 'इन्स्टिट्यूट ऑफ जिनॉमिक्स अँड इंटिग्रेटिव्ह बायॉलॉजी'ने, म्हणजे 'आयजीआयबी'ने, हे तंत्रज्ञान विकसित केले आहे. ते पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे सोपवण्याचा करारही झाला.

बातमी आली आणि एक-दोन दिवसांत मागे पडली. पण या एका आजाराच्या निमित्ताने विज्ञान दोन्ही दिशांनी काम करताना दिसते. एकीकडे हा आजार माणसात कधी आणि का शिरला, याचा हजारो वर्षे मागे जाऊन शोध घेतला जात आहे. दुसरीकडे तो जनुकातूनच दुरुस्त करण्याचा प्रयत्न चालू आहे. नंदुरबार, मेळघाट, गडचिरोलीतील रुग्ण या दोन टोकांच्या मध्ये उभा आहे.

एका अक्षराने काय बिघडते?

माणसाची जनुकीय संहिता सुमारे तीन अब्ज अक्षरांची आहे. ए, टी, जी आणि सी या चारच अक्षरांत ती लिहिलेली असते. अकराव्या गुणसूत्रावर बीटा-ग्लोबिन नावाचे जनुक आहे. त्यात एका ठराविक जागी 'जीएजी'ऐवजी 'जीटीजी' आले की हिमोग्लोबिन वेगळे बनते. प्रोग्रामिंग केलेल्यांना याचे फार आश्चर्य वाटणार नाही. हजारो ओळींत एक चिन्ह चुकले तरी अख्खी प्रणाली कोलमडते, हे त्यांनी अनुभवलेले असते.

असे हिमोग्लोबिन ऑक्सिजन सोडताच एकमेकांना चिकटते. त्याचे दोरखंडासारखे धागे बनतात आणि गोल, लवचिक असणारी लाल पेशी ताठर होऊन विळ्यासारखी वाकते. या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. मग हाडांत, छातीत, पोटात असह्य वेदनांचे झटके येतात. प्लीहा निकामी होते, जंतुसंसर्ग वारंवार होतो आणि काही मुलांना तर लहान वयातच पक्षाघात होतो. निरोगी लाल पेशी १२० दिवस जगते, ही जेमतेम १० ते २० दिवस. त्यामुळे अंगात रक्त कायमच कमी.

वैद्यकीय साहित्यात हा आजार प्रथम नोंदवला तो शिकागोच्या डॉ. जेम्स हेरिक यांनी, १९१० मध्ये. लायनस पॉलिंग यांनी १९४९ मध्ये तो हिमोग्लोबिनच्या रेणूतील दोष असल्याचे दाखवले. 'रेणूचा आजार' ही कल्पनाच तिथून रुजली. भारतात १९५२ मध्ये निलगिरीच्या डोंगरांतील आदिवासींमध्ये त्याची नोंद झाली. पुढे मध्य भारतातूनही नोंदी येत गेल्या. महाराष्ट्रात भिल्ल, पावरा, गोंड, माडिया अशा समाजांबरोबर विदर्भातील अनुसूचित जाती आणि काही इतर मागासवर्गीय समाजांतही तो आहे. 'हा आदिवासींचा आजार' असे सरसकट म्हणणे म्हणूनच चुकीचे.

मग इतके घातक जनुक टिकले कसे?

आजारी मुले मोठी होण्याआधीच दगावत असतील तर काही पिढ्यांत हे जनुक नाहीसे व्हायला हवे होते. ते तर काही भागांत वाढले. असे का झाले, याचा धागा सापडला केनियात. तिथेच लहानाचे मोठे झालेले डॉक्टर अँथनी ॲलिसन यांनी १९४९ मध्ये रक्ताचे नमुने गोळा केले. समुद्रकिनारा आणि व्हिक्टोरिया सरोवराच्या परिसरात सिकलसेलचे वाहक भरपूर, उंच डोंगराळ भागात मात्र नगण्य. हाच नकाशा मलेरियाचाही होता. १९५४ मध्ये त्यांनी पुराव्यासह मांडले की सिकलसेलचे एकच जनुक असलेल्या माणसाला मलेरियापासून संरक्षण मिळते.

आई आणि वडील दोघांकडूनही बदललेले अक्षर आले तर मूल रुग्ण होते. आरोग्य केंद्राच्या भाषेत 'एसएस'. एकाकडूनच आले तर ते वाहक, म्हणजे 'एएस'. वाहकाला सहसा काहीच त्रास होत नाही आणि गंभीर स्वरूपाच्या मलेरियाचा त्याचा धोका सुमारे ९० टक्क्यांनी घटतो. डासांनी भरलेल्या जंगलात हा फायदा मोठा होता. निसर्गाने काही मुलांच्या जिवावर बाकीच्यांना वाचवले, असा हा रोकडा हिशेब. गंमत अशी की तो महाराष्ट्रात अजून पूर्णपणे इतिहासजमा झालेला नाही. राज्यात मलेरियाचे रुग्ण आजही गडचिरोलीत मोठ्या संख्येने सापडतात. मात्र 'एसएस' रुग्णाला हे कवच नसते. त्याला मलेरिया झाला तर तो अधिक जीवघेणा ठरतो.

हे अक्षर पहिल्यांदा कुठे बदलले?

सिकलसेलच्या जनुकाभोवतीचा डीएनए सगळीकडे सारखा नसतो. त्यावरून बेनिन, सेनेगल, कॅमेरून, मध्य आफ्रिका आणि अरब-भारतीय असे पाच प्रकार पाडले गेले. हाच बदल पाच ठिकाणी स्वतंत्रपणे झाला असावा, असे अनेक वर्षे मानले जात होते.

२०१८ मध्ये अमेरिकेतील डॅनियल श्राइनर आणि चार्ल्स रोटिमी यांनी संपूर्ण जनुकसंहितांची संगणकीय तुलना करून वेगळा निष्कर्ष काढला. बदल एकदाच झाला, २५९ पिढ्यांपूर्वी, म्हणजे सुमारे ७,३०० वर्षांपूर्वी. सहारा तेव्हा वाळवंट नव्हते. तिथे पाऊस पडे, गवताळ कुरणे होती. त्या ओल्या काळात आफ्रिकेत एका मुलात हे अक्षर बदलले आणि त्याच्या वंशजांबरोबर ते पसरत गेले. पुढच्याच वर्षी मध्य आफ्रिकेतील वर्षावनांत राहणाऱ्या समाजांवरील दुसऱ्या अभ्यासाने हा काळ किमान २०,००० वर्षे मागे नेला. वाद मिटलेला नाही आणि तो लवकर मिटेल असेही वाटत नाही.

यातली आपल्यासाठी महत्त्वाची बाब वेगळीच आहे. श्राइनर-रोटिमी यांच्या अभ्यासात आफ्रिका, कतार आणि '१००० जिनोम्स' प्रकल्पातील माहिती वापरली होती. त्या प्रकल्पात दक्षिण आशियाई वंशाचे नमुने गुजराती, तेलुगू, तमिळ, बंगाली, पंजाबी असे आहेत. सातपुड्यातील भिल्ल किंवा भामरागडचे माडिया त्यात नाहीत. ज्यांच्या रक्तात हे अक्षर सर्वाधिक आहे तेच समाज त्याच्या इतिहासातून गायब! आफ्रिकेतला बदल दंडकारण्यात आला कसा, कोणत्या वाटेने, की तो इथे स्वतंत्रपणेच घडला, याचे पक्के उत्तर त्यांचे नमुने अभ्यासल्याशिवाय मिळणार नाही. 'जिनोम इंडिया' प्रकल्पाने ८३ समाजगटांतील सुमारे १०,००० जणांची माहिती जानेवारी २०२५ मध्ये संशोधकांसाठी खुली केली आणि त्यात आदिवासी गटही आहेत, ही आशेची गोष्ट.

हाडांतूनच डीएनए काढून का पाहात नाहीत?

प्राचीन डीएनए वाचण्याचे तंत्र स्वांते पेबो यांनी घडवले आणि २०२२ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. २०२४ मध्ये तर संशोधकांनी ५,५०० वर्षांच्या कालखंडातील ३६ माणसांच्या अवशेषांतून मलेरियाच्या परजीवींचा डीएनए वाचला. त्यातील एक अवशेष नेपाळच्या मुस्तांग भागातील, २,८०० मीटर उंचीवरचा, इसवी सनापूर्वी सुमारे ८०० वर्षांचा. एवढ्या थंड, उंच जागी मलेरियाचा डास जगत नाही. म्हणजे तो माणूस खालच्या मैदानातून आजार घेऊन वर गेला असावा. दाताच्या एका तुकड्याने प्रवासाचा मार्ग सांगावा, हे विलक्षणच.

अडचण आपल्या हवामानाची आहे. उष्णता आणि दमटपणात डीएनए टिकत नाही. हरियाणातील राखीगढी येथे पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे डॉ. वसंत शिंदे यांच्या नेतृत्वाखाली उत्खनन झाले. तिथले ६१ नमुने तपासले गेले आणि वाचता येईल असा डीएनए मिळाला फक्त एका स्त्रीच्या अवशेषातून. २०१९ मध्ये त्यावर शोधनिबंध आला. विदर्भाच्या पावसात तर अपेक्षा आणखी कमी. तेव्हा या आजाराचा भारतातील भूतकाळ हाडांपेक्षा जिवंत माणसांच्या रक्तातूनच वाचावा लागणार, असे सध्या तरी दिसते.

नवजात बाळाने दिलेला सुगावा

आता भविष्याकडे. सिकलसेलचे मूल जन्मतः ठणठणीत असते, त्रास सुरू होतो तो काही महिन्यांनी. ब्रुकलिनच्या डॉ. जॅनेट वॉटसन यांनी १९४८ मध्येच त्याचे कारण सुचवले होते. गर्भात बाळाचे हिमोग्लोबिन वेगळे असते. त्यात बीटा-ग्लोबिन नसतेच, त्यामुळे सदोष अक्षराचा प्रश्न येत नाही. जन्मानंतर शरीर हे गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन बंद करते आणि प्रौढ हिमोग्लोबिन चालू होते. काही माणसांमध्ये मात्र जनुकीय वेगळेपणामुळे हे बटण पूर्ण बंद होत नाही. अशांना सिकलसेल असला तरी त्रास फार कमी होतो.

हे बटण बंद ठेवणाऱ्या मुख्य जनुकाचे नाव 'बीसीएल११ए'. त्याची भूमिका २००८ च्या सुमारास स्पष्ट झाली. २०१२ मध्ये जेनिफर डाउडना आणि इमॅन्युएल शार्पेंटिए यांनी जीवाणूंच्या संरक्षण यंत्रणेतून 'क्रिस्पर' ही जनुकीय कात्री विकसित केली. २०२० चे रसायनशास्त्राचे नोबेल त्यासाठीच. या दोन शोधांतून 'कॅसजेव्ही' हा उपचार उभा राहिला. तो मूळ चुकलेले अक्षर दुरुस्त करत नाही. तो 'बीसीएल११ए'चे लाल पेशींतील काम बंद पाडतो आणि बाळपणीचे हिमोग्लोबिन पुन्हा चालू करतो. बिघडलेला पंप दुरुस्त करण्याऐवजी जुना, चांगला पंप पुन्हा जोडावा तसे.

ब्रिटनने नोव्हेंबर २०२३ मध्ये आणि अमेरिकेने डिसेंबर २०२३ मध्ये त्याला मान्यता दिली. क्रिस्परवर आधारलेला हा जगातील पहिला मान्यताप्राप्त उपचार. चाचणीत ज्यांचा पुरेसा काळ पाठपुरावा झाला अशा ३१ रुग्णांपैकी २९ जणांना सलग किमान १२ महिने एकही तीव्र झटका आला नाही. ज्यांचे निम्मे आयुष्य रुग्णालयात गेले, त्यांच्यासाठी हा आकडा काय आहे याची कल्पनाच केलेली बरी.

इंजेक्शन दिले आणि काम झाले, असे आहे का?

नाही. आधी रुग्णाच्या रक्तातून मूळ पेशी गोळा करतात. त्या प्रयोगशाळेत पाठवून त्यांच्यावर कात्री चालवतात. यात काही महिने जातात. मग रुग्णाला तीव्र केमोथेरपी देऊन अस्थिमज्जेतील जुन्या पेशी नष्ट करतात आणि संपादित पेशी परत सोडतात. काही आठवडे निर्जंतुक खोलीत काढावे लागतात. केमोमुळे वंध्यत्वाचा धोका असतो. ज्या समाजात मूल न होण्याचा ठपका आधी बाईवर येतो, तिथे वीस वर्षांच्या मुलीसाठी हा निर्णय किती अवघड असेल हे सांगायला नको.

आणि किंमत! अमेरिकेत २२ लाख डॉलर, म्हणजे मान्यतेच्या वेळच्या दराने सुमारे १८ कोटी रुपये. त्यात रुग्णालयाचा खर्च वेगळा.

'बिरसा १०१' स्वस्त असेल का?

हा उपचार परदेशी उपचारांच्या तुलनेत खूपच स्वस्त असेल, असे सांगण्यात आले आहे. 'आयजीआयबी'च्या डॉ. देबोज्योती चक्रवर्ती यांच्या गटाने वेगळ्या जीवाणूतील कात्री सुधारून वापरली आहे. ती अक्षरातील फरक अधिक काटेकोरपणे ओळखते. करोनाकाळातील 'फेलुदा' चाचणी आठवते? सत्यजित राय यांच्या गुप्तहेराचे नाव दिलेली. ती याच गटाची आणि तिचे मूळ सिकलसेलचे अक्षर ओळखण्याच्या कामातच होते.

पण तंत्रज्ञान हस्तांतराचा करार म्हणजे औषध हाती आले असे नव्हे. त्याआधी रुग्णांवरील चाचण्या, मान्यता, पाठपुरावा हे सगळे टप्पे असतात. किमतीचा अंदाज घ्यायचा तर मुंबईचे उदाहरण जवळचे आहे. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या कामातून आलेल्या 'नेक्सकार१९' या कर्करोगावरील पेशी-उपचाराला २०२३ मध्ये मान्यता मिळाली. त्याची किंमत अमेरिकेतील तशा उपचारांच्या साधारण दहाव्या हिश्शात आहे. हेच गणित इथे लावले तर १८ कोटींचे होतात १ कोटी ८० लाख. सरकारी मोहिमेत २०२५ च्या मध्यापर्यंत सुमारे सहा कोटी लोकांची तपासणी होऊन दोन लाखांहून अधिक रुग्ण आढळले होते. गुणाकार केला की आकडा येतो ३ लाख ६० हजार कोटी रुपये. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाची २०२५-२६ ची संपूर्ण तरतूद जवळपास एक लाख कोटी आहे. किंमत दहाव्या नव्हे, शंभराव्या हिश्शावर आली तरच सरकारी रुग्णालयात याचा विचार करता येईल.

२०४७ पर्यंत 'निर्मूलन' कसे होणार?

राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान जुलै २०२३ मध्ये सुरू झाले. १७ राज्यांत ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत आजार संपवणे, हे त्याचे ध्येय.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. जनुकीय उपचार झालेला रुग्ण बरा झाला तरी तो बदल त्याच्या रक्तपेशींपुरताच असतो. बीजांडे आणि शुक्राणूंत जुनेच अक्षर राहते आणि पुढच्या पिढीकडे जाते. भ्रूणाच्या जनुकांत बदल करण्यावर भारतात बंदी आहे. चीनमध्ये २०१८ मध्ये हे जियानकुई यांनी तसा प्रयोग जुळ्या मुलींवर केला आणि त्यांना तुरुंगात जावे लागले. म्हणजे कात्री कितीही धारदार असली तरी 'निर्मूलन' तिने होणार नाही. त्याची भिस्त तपासणी आणि समुपदेशनावर आहे. दोन वाहकांचे लग्न झाले तर प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के असते. 'पहिले आजारी निघाले, आता तीन चांगली होतील' असा याचा अर्थ नाही. नाणे दर वेळी नव्याने उडते. गर्भातील बाळाचे निदान करण्याची सोयही आहे. परळच्या राष्ट्रीय रुधिरविज्ञान संस्थेने या क्षेत्रात दीर्घकाळ काम केले आहे. चंद्रपूरलाही तिचे केंद्र आहे.

पण तपासणीचे कार्ड हे दुधारी शस्त्र आहे. अमेरिकेत १९७० च्या दशकात अनेक राज्यांनी सिकलसेल तपासणी सक्तीची केली आणि निरोगी वाहकांनाही नोकरी, विमा नाकारला गेला. हवाई दलाच्या अकादमीचे दरवाजे त्यांना १९८१ पर्यंत बंद होते. आपल्याकडे 'एएस' कार्ड असलेल्या मुलीचे लग्न मोडले, तर अभियानाच्या आकडेवारीत ते कुठे दिसणार? वाहक असणे हा आजार नाही, हे वाक्य कार्डाच्या दर्शनी बाजूला ठळक छापायला हवे.

आज हातात काय आहे?

हायड्रॉक्सीयुरिया. साधी, स्वस्त गोळी. अमेरिकेत १९९८ मध्ये सिकलसेलसाठी मान्य झालेली. तीसुद्धा गर्भावस्थेतील हिमोग्लोबिनच वाढवते. १८ कोटींचा उपचार जे बटण दाबतो, त्याच दिशेने ही गोळी थोडे थोडे ढकलते. तीव्र त्रास असलेल्या ६० भारतीय मुलांवरील चाचणीत तिचा कमी, ठरावीक डोस देऊनही झटक्यांत मोठी घट दिसली. २०१२ मध्ये ती प्रसिद्ध झाली. 'क्रिस्पर'च्या मथळ्यांत या गोळीला जागा मिळत नाही, हे माझ्या मते आपल्या बातम्यांचेही अपयश आहे.

गोळी रोज आणि वर्षानुवर्षे घ्यावी लागते. सुरुवातीला दर महिन्याला, नंतर दर दोन-तीन महिन्यांनी रक्तातील पेशी मोजाव्या लागतात. म्हणजे जवळ यंत्र हवे, तंत्रज्ञ हवा आणि साठा हवा. भामरागडहून जिल्ह्याचे ठिकाण दीडशे किलोमीटरहून लांब आहे. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की तालुक्याचा संपर्क तुटतो. मलेरियाचा जोर आणि ताप येऊन झटका सुरू होण्याचे दिवसही तेच. तेव्हा जून लागण्यापूर्वी तीन महिन्यांच्या गोळ्या रुग्णाच्या घरात आणि पेशी मोजण्याचे यंत्र नदीच्या अलीकडे असणे, यासाठी कोणत्याही नव्या शोधाची वाट पाहावी लागत नाही.